पूजा चालू असताना बांधलेली कमान

कुंदा, देवधरांना अर्धं पान हवंय.

गणपती झाले की मंडळाचा अंक निघतो, त्यात तुझ्यावर अर्धं पान. वर तुझा फोटो, खाली माझा मजकूर. "मालतीताई, तुम्हीच लिहा, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या," असं फोनवर म्हणाले.  मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पुरणपोळ्या, हसतमुख स्वभाव, गणपतीची सजावट, असं सगळं येऊ द्या. ते चर्चचं प्रकरण मात्र नको. आता वाद कशाला?" मी "बघते" म्हटलं. पुण्याच्या बाईने "बघते" म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो, हे देवधर स्वतः सदाशिव पेठेतले असून त्यांना कळलं नाही.

तर हे अर्धं पान नाही, आणि यात चर्च आहे. पुरणपोळी नाही, कारण पुरणपोळी तुला येत नव्हती. तव्यावर टाकताना ती फाटायची आणि ते तुकडे ताटात वाढताना तू म्हणायचीस, "पाया शाबूत आहे, वरचं बांधकाम तेवढं पडलं." तुझा नवरा, विलास, ते तुकडे तुपात बुडवून मुकाट खायचा. हे मी अंकात कसं लिहू? आणि हसतमुख म्हणे. तुझं तोंड कायम कुणाच्या तरी भिंतीकडे असायचं. इथे ओहायोतल्या डब्लिनला आम्ही नवीन घर घेतलं, तुम्हाला जेवायला बोलावलं, मी शेवयांची खीर केली होती. तू सोफ्यावर बसायच्या आधी आमच्या फायरप्लेसवर टकटक केलंस आणि म्हणालीस, "खोटी आहे." तेवढ्यावरून मी तुझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. मग मीच एकदा टकटक करून पाहिली. खोटीच होती. दगडाच्या रंगाचं काहीतरी पातळ चिकटवलेलं होतं. त्या दिवशी मी तुला फोन केला आणि आपली मैत्री सुरू झाली.

तुझ्याविषयी लोक एकच प्रश्न विचारत आले, आणि तुला नेऊन ठेवलं त्या दिवशीसुद्धा फ्यूनरल होमच्या पार्किंगमध्ये कुणीतरी हळू आवाजात तो विचारलाच. नागपूरला आर्किटेक्चर शिकलेली मुलगी. इथे येऊन एका ऑफिसात मॉलच्या पार्किंगच्या रेषा मारत बसली, ते ठीक, पोटापाण्याचं काम. पण चाळिशीला टेकल्यावर युनिव्हर्सिटीत गेली आणि तिने विषय कोणता घ्यावा, तर इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं चर्च. "आपली एवढी देवळं पडली आहेत, ती सोडून?" मंडळात हे विचारलं, नागपूरहून तुझ्या भावाने पत्रातून विचारलं, आणि तुझ्या प्रोफेसरने तर पहिल्याच भेटीत विचारलं, की तू भारतीय आहेस तर भारतीय देवळांवर का काम करत नाहीस, तुला ते सोपं जाईल. तू घरी आलीस तेव्हा रागाने लाल झाली होतीस. "मालती, त्यांच्यातला कुणी आपली लेणी मोजायला गेला तेव्हा त्याला कुणी विचारलं का, तुझ्या गावचं चर्च सोडून इकडे का आलास? त्याला विद्वान म्हणतात. मी मोजायला गेले की वाट चुकलेली बाई." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि आज लिहून ठेवते आहे, देवधरांना छापायचं तर छापू देत.

खरं कारण तू फक्त मला सांगितलं होतंस, आणि ते इतकं साधं होतं की कुणी मानलं नसतं. तुझी मीरा तान्ही असताना, भारतात जाताना तुम्ही विलासच्या मावसभावाकडे इंग्लंडमध्ये थांबलात. तो तुम्हाला गाडीतून खेडी दाखवायला घेऊन गेला. मध्येच मीराने लंगोट भरला. जवळपास दुकान नाही, हॉटेल नाही, एक चर्च तेवढं उघडं. तू बाळाला घेऊन आत शिरलीस, मागच्या बाकावर तिला आडवं केलंस, सेफ्टीपिन तोंडात धरलीस आणि सहज वर बघितलंस. आणि तुला दिसलं की चर्च वाकडं आहे.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण तू मला असंच सांगितलंस. हे चर्च म्हणजे दोन खोल्या. एक मोठी, लोकांनी उभं राहायची, तिला ते नेव्ह म्हणतात, आपला सभामंडप. तिच्या पूर्वेला दुसरी, पाद्र्याने पूजा सांगायची, तिला म्हणतात चॅन्सल, म्हणजे आपला गाभारा. दोघांच्या मध्ये जाड भिंत आणि भिंतीत एक अर्धगोल कमान. कमान सगळ्यात जुनी, बाराव्या शतकातली, आणि तिच्या कडेने नागमोडी नक्षी, वर-खाली वर-खाली, लहान मुलाने पाटीवर डोंगर काढावेत तशी. गाभारा शंभरेक वर्षांनी नव्याने बांधलेला, उंच, निमुळत्या खिडक्यांचा. आणि हा नवा गाभारा कमानीच्या रेषेत नाही. तो डावीकडे कलला आहे. दारात उभं राहून सरळ बघितलं तर शेवटची खिडकी मधोमध दिसत नाही. बाळाचा लंगोट बदलता बदलता तू ते पाहिलंस, सेफ्टीपिन तुझ्या अंगठ्यात गेली, आणि तिथून पुढे ते चर्च काही तुझ्या डोक्यातून गेलं नाही. मंडळात कुणी "तुमचं गाव कोणतं" विचारलं की तू सांगायचीस, माहेर नागपूर, सासर सातारा, आणि गाव इंग्लंडात.

मग तू मला तिकडे नेलंस. आपण दोघी भारतात निघालो होतो, तू थीसिससाठी मधे उतरणार होतीस, आणि मला म्हणालीस, टेप धरायला कुणीतरी हवं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघणारी बाई, मला भिंतीतलं काय कळतं? तू म्हणालीस, "काही कळायला नको, झिरोचं टोक हलवायचं नाही एवढंच." मी साडीवर विलासचं जॅकेट घालून त्या थंड फरशीवर उकिडवी बसले, झिरोचं टोक भिंतीला दाबून धरलं, आणि तू दुसरं टोक घेऊन अंधारात कुठेतरी आकडे ओरडत होतीस. फुलं बदलायला एक म्हातारी आली. आपल्याकडे बघून फार प्रेमाने म्हणाली, "आर यू लॉस्ट, माय डिअर?"

तू म्हणालीस, "नो. बट युअर चॅन्सल इज."

म्हातारी खूप हसली. थर्मासमधला चहा दिला आपल्याला, आणि ती गोष्ट सांगितली. म्हणे चर्चचा आकार म्हणजे क्रुसावरचा येशू. सभामंडप म्हणजे शरीर, गाभारा म्हणजे डोकं. प्राण जाताना त्याची मान एका बाजूला कलली, म्हणून जुन्या लोकांनी गाभारा कललेला बांधला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू चहा संपवलास, थँक यू म्हणालीस, आणि बाहेर येऊन म्हणालीस, "सुंदर आहे, पण खरं नाही."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते विमानतळापर्यंत, आणि विमानतळावरून ते आजपर्यंत. मी म्हटलं, "अगं, असू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?" तू म्हणालीस, बिघडतंय. ही गोष्ट फार नंतर जोडली लोकांनी. बांधणाऱ्यांनी तसं कुठेही म्हटलेलं नाही, आणि कलायचंच होतं तर सगळी एकाच बाजूला कलायला हवीत; अशी वाकडीतिकडी इतकी चर्चं आहेत, त्यातली काही डावीकडे कललीत, काही उजवीकडे. "वाकडेपणाला अर्थ चिकटवला की माणसं बघायची थांबतात, मालती. तुझ्या फायरप्लेससारखं." फायरप्लेस तू मला कधीच विसरू दिली नाहीस.

प्रोफेसरलाही म्हातारीचीच गोष्ट हवी होती. तो चांगला माणूस होता, तुझ्यासाठी त्याने बरंच केलं, पण त्याला त्या वाकडेपणात भक्ती बघायची होती. तुझ्याकडे त्याला द्यायला दुसरं उत्तर नव्हतं, आणि तेच तुला खात होतं. एवढं तुला कळलं होतं की नव्या गाभाऱ्याच्या जागी आधी एक लहान गाभारा होता. कमानीच्या मागच्या अंगाला, वर, त्याच्या जुन्या छपराची तिरकी खूण भिंतीवर राहिली आहे, ती तू मला बोट करून दाखवली होतीस. पण पुढे काय? ज्या गवंड्यांनी खिडक्यांच्या कडा इतक्या नेमक्या कापल्या, त्यांना दोन भिंती सरळ टाकता येऊ नयेत? "निष्काळजी नव्हते गं ते," तू म्हणायचीस. "मग हात चुकला कसा?" भाजी चिरतानाही तू हेच बोलायचीस. विलासला तर पाठ झालं होतं.

आणि मग आपला गणपती आला. दोन वर्षांपूर्वीचा.

मखर करायची पाळी तुझी होती. आमच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली आणि तू कागद पसरलास. देवधर आधी म्हणाले, "वा, छान." मग त्यांनी चष्मा लावला. "कुंदाताई, ही ती चर्चची कमान तर नव्हे?"

"तीच," तू म्हणालीस.

"गणपतीला चर्चमध्ये बसवायचा?"

"नाही, कमान गणपतीकडे आणायची. साहेबाने आपल्या मूर्तीच्या मूर्ती उचलून नेल्या, देवधर. मी एक कमान आणली तर काय झालं? तीही थर्मोकोलची."

सगळे हसले, पण भांडण मिटलं नाही. फोनवर फोन झाले. कुणी म्हणालं, मुलांवर काय संस्कार होतील. कुणी म्हणालं, ज्या शाळेत आपण गणपती बसवतो तिथल्या लोकांना वाटेल आपण धर्मांतर केलं. मी देवधरांना सांगितलं की गणपतीची हरकत असेल तर तो स्वतः सांगेल, त्याचं तुमचं चांगलं आहे. शेवटी शनिवारची सकाळ उजाडली आणि लक्षात आलं की ज्यांनी दुसरं मखर करायचं कबूल केलं होतं त्यांनी काहीच केलेलं नाही. म्हणून तुझी कमान आली. मंडळाचा मोठेपणा वगैरे काही नाही, दुसरं काही नव्हतं म्हणून.

विलासने गिटारची तार आणि मीराच्या खेळण्यातल्या रेल्वेचा ट्रान्सफॉर्मर जोडून थर्मोकोल कापायचं यंत्र केलं होतं. सगळी नागमोडी नक्षी त्याने कापली, एक शब्द न बोलता. पण तुकडे घेऊन आपण शाळेच्या कॅफेटेरियात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पूजा सांगणाऱ्या जोशीकाकांना दुपारी क्लीव्हलंडला लग्न लावायचं होतं. ते म्हणाले, "मी एकदा आचमन केलं की थांबणार नाही." आणि त्यांनी आचमन केलं. मूर्ती टेबलावर, समोर यजमान, बाजूला समई, मंत्र चालू, आणि आपण त्या सगळ्यांच्या भोवती कमान उभी करतोय. मी सुतळी आणली होती, तुझ्याकडूनच शिकलेली युक्ती, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत ताणायची म्हणजे मध्य सापडतो. पण सुतळी जाणार कुठून? मधे तू उभी होतीस. वरच्या एसीचा झोत समईवर येत होता, आणि तू पदर आडवा धरून तिच्यावर वाकली होतीस. "कुंदा, सरक," मी म्हटलं. तू म्हणालीस, "नाही सरकणार. विझेल. तुम्ही अंदाजाने लावा, मी सांगते. डावीकडे. अजून थोडं डावीकडे." माझा नवरा डाव्या खांबाशी, विलास उजव्या, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, मधे जोशीकाका सोळा उपचारांत रमलेले. आम्ही अंदाजाने लावली.

आरतीला सगळे मागे सरकून उभे राहिले आणि सगळ्यांना एकदम दिसलं. गणपती एकीकडे, कमान एकीकडे. देवधर ताटातली निरांजनं ओवाळता ओवाळताच म्हणाले, "कुंदाताई, वाकडं झालंय."

 मला वाटलं, आता रडते. तू कमानीकडे बघत होतीस, मग समईकडे, मग परत कमानीकडे. आणि मग तू हसायला लागलीस. हातात मोदकांचं ताट, आणि बाई हसते आहे. लोकांना वाटलं ताणाने झालं. मी तुला पार्किंगमध्ये घेऊन गेले. तिथे गाडीच्या बॉनेटवर पेपर प्लेट ठेवून, मीराच्या क्रेयॉनने, तू मला ते काढून दाखवलंस. जुना लहान गाभारा मधे. त्याच्या भोवती, बाहेरून, नव्या गाभाऱ्याच्या भिंती. "त्यांनी जुना आधी पाडला नाही, मालती. कसा पाडतील? पूजा बंद पडली असती. आत दिवा होता, रोजचं सगळं चालू होतं. म्हणून बाहेरून बांधत गेले. आणि मधे जुना उभा, म्हणून आरपार दोरी लावता येईना. अंदाजाने बांधलं. सगळं झाल्यावर जुना काढला, आणि तेव्हा दिसलं." क्रेयॉन जांभळा होता. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तू म्हणत होतीस, "मी म्हटलं होतं ना, निष्काळजी नव्हते. पूजा चालू होती."

तुला इतकं सुखी मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मीराच्या जन्माचे फोटो मी पाहिलेत, त्यातही नाही. विलास, माफ कर.

मग तू ते थीसिसमध्ये लिहिलंस, मापांसकट, छपराच्या खुणेसकट. प्रोफेसर म्हणाला, असा तर्क पूर्वीही काहींनी केलेला आहे, पण तुझी मापं भक्कम आहेत. फक्त एक तळटीप काढ, म्हणाला. त्या तळटिपेत तू लिहिलं होतंस की अशीच चूक लेखिकेने ओहायोतल्या एका शाळेच्या जेवणघरात, गणपतीच्या मखराबाबत, स्वतः केलेली आहे. "इट्स चार्मिंग," तो म्हणाला, "बट इट इज नॉट एव्हिडन्स." तू म्हणालीस, "इट इज अॅन एक्सपेरिमेंट. हॅज एनीबडी एल्स डन इट?" त्याने पेन उघडलं आणि सही केली.

तुला वाटलं मी टाळ्या वाजवीन. मी भडकले. तळटीप कशाला? ज्या गोष्टीने तुला उत्तर दिलं ती पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात? जोशीकाका, समई, विलासची गिटारची तार, हे सगळं वर घाल, पहिल्या पानावर घाल. लाज वाटते का तुला आमची? आपण मॉलच्या पार्किंगमध्ये, तूच आखलेल्या रेषांच्या मधोमध गाडीत बसून भांडलो. तू शेवटी शांतपणे म्हणालीस, "पाया खालीच असतो, मालती."  मी चूक होते असं मला अजूनही वाटत नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस.

तुझ्या आजाराचं मी लिहिणार नाही, कुणाला त्यात मजा वाटत असेल तर त्याने दुसरीकडे वाचावं. एवढंच लिहिते की तुझ्या पलंगाची जागा तुम्ही बैठकीच्या खोलीत केली होती, आणि तुझ्या चारी बाजूंनी घर चालू होतं. मीराचा पियानो, विलासचे ऑफिसचे फोन, कुकरच्या शिट्ट्या. कुणी आवाज कमी केला तर तू ओरडायचीस. तुझं रक्त माझ्याच लॅबमध्ये यायचं. ते मी बघायचे हे तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला. संध्याकाळी मी यायचे, तू माझ्या तोंडाकडे बघायचीस, आणि मग विचारायचीस, उत्तरेच्या भिंतीची जाडी आपण दोन ठिकाणी घेतली होती की तीन? मी म्हणायचे, दोन. तू म्हणायचीस, तिसरी राहिली, पुढच्या उन्हाळ्यात घेऊ. मी म्हणायचे, घेऊ. मी झिरोचं टोक धरते. एवढंच बोलणं झालं आपलं त्याबद्दल. याहून जास्त बोलायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. पण मला तुला सांगायचं होतं की तुझ्यामुळे मी आता कुठेही गेले तरी आधी भिंतीवर टकटक करते, आणि त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. ते राहिलं.

आता या वर्षीचं. मंडळाने मुंबईहून घडीचं मखर मागवायचं ठरवलं, देवळाच्या शिखराचं, सोनेरी. त्यावर पाटी लावणार, कुंदाताईंच्या स्मरणार्थ. तुझी कमान आमच्या गॅरेजमध्ये होती, गेल्या वर्षी तू आजारी म्हणून ती काढलीच नव्हती. देवधर म्हणाले, ती टाकून द्या आता, कोपरे तुटलेत. मी त्यांना जे म्हणाले ते मंडळाच्या अंकात छापण्यासारखं नाही. पण माझ्यामुळे काही झालं नाही, कुंदा. विलासमुळे झालं. ज्या माणसाने मंडळाच्या एकाही मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, त्याने देवधरांना स्वतः फोन केला आणि एवढंच म्हणाला, "कुंदाच्या नावाने करायचं असेल तर कुंदाचंच लावा." देवधरांनी लगेच हो म्हटलं. वाईट माणूस नाही तो. तुला नेलं त्या दिवशी सगळ्यात जास्त तोच रडला होता.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मीरा आली, तिने गॅरेजमध्ये बसून तुटलेले कोपरे चिकटवले, रंग लावला. पंधरा वर्षांची झाली आता, उंचीने तुझ्यावर गेली आहे. हॉल या वेळी सकाळपासून मिळाला होता, आम्ही पोचलो तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. मूर्ती अजून गाडीत. माझं ठरलेलं होतं. मी मीराला म्हटलं, "आपण ती वाकडीच लावायची. डावीकडे कललेली. तुझ्या आईची आठवण म्हणून."

मीराने माझ्याकडे असं बघितलं की मला फायरप्लेस आठवली. "नो वे, मावशी. शी वुड हेट दॅट."

"अगं, तिची कमान वाकडीच होती."

"बिकॉज शी हॅड टू. मुद्दाम वाकडं केलं तर ते फेक आहे. वी हॅव टाइम. वी डू इट स्ट्रेट." आणि तिने हात पुढे केला. "सुतळी आणलीस ना?"

मी आणली होती. का आणली होती कोण जाणे. आपलं भांडण मी असं हरले, तुझ्याशी नाही, तुझ्या मुलीशी, आणि तेही अर्ध्या इंग्रजीत. तुझं म्हणणं तिने कधी ऐकलं असेल? आपण मोठमोठ्याने भांडायचो तेव्हा ती पियानो वाजवत असायची, मला वाटायचं तिचं लक्ष नाही.

तिने एक टोक मागच्या भिंतीला धरलं. दुसरं टोक घेऊन मी दाराकडे गेले. सवयीने मी ते भिंतीला दाबून धरलं आणि हलू दिलं नाही. मग विलास आणि माझ्या नवऱ्याने खांब उभे केले. या वेळी दोघांना एकमेकांचं तोंड दिसत होतं आणि दोघेही ते बघत नव्हते.

तुझ्या आत्म्याला शांती लाभो असं मी लिहिणार नाही. शांतता तुला कधी सहन झाली नाही, कुकर बंद केला तरी तू ओरडायचीस. तिथे काही बांधलेलं असेल तर टकटक करून बघ, खोटं निघालं तर तसं तोंडावर सांग. आणि ती तळटीप मी वर घेतली आहे, हे बघून ठेव. हे सगळं आता वरच आहे, देवधरांनी अर्धं पान कापलं तरी उरलेलं मी झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या गाडीच्या काचेवर लावणार आहे.

आरतीनंतर देवधर माझ्याजवळ आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "या वर्षी अगदी सरळ आली हो कमान."  सरळ येणारच होती. सुतळी या भिंतीपासून त्या दारापर्यंत गेली आणि मधे कुठेही अडली नाही. अडायला हवी होती, कुंदा.